कपड्यात उरलेला साबण आणि तान्ह्या मुलाची त्वचा

एकाच घरातील सगळ्यांचे कपडे एकाच पावडरीने आणि एकाच पाण्याने धुतले जातात. तरीही त्या घरातील सहा-आठ महिन्यांच्या मुलाच्या मानेच्या वळीत, काखेत आणि कमरेच्या इलॅस्टिकखाली लालसर, खरखरीत पट्टे उठतात, आणि आईवडिलांच्या अंगावर मात्र काहीच दिसत नाही. यावरचा घरगुती उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे पावडर बदलणे. नव्या पुड्याने चार दिवस बरे वाटते, पुरळ पुन्हा उठतो, पुन्हा पुडा बदलला जातो, आणि अखेरीस ‘मुलाला साबणाची अ‍ॅलर्जी आहे’ असा निष्कर्ष काढून घर मोकळे होते. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी हा गर्भगिरीच्या डोंगररांगांतील, पर्जन्यछायेत येणारा अवर्षणप्रवण तालुका आहे. येथील अनेक विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही, आणि टंचाईच्या उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मुलाच्या पुरळाचा उलगडा करताना पावडरीच्या पुड्यापेक्षा या पाण्याकडे आधी पाहणे भाग आहे, कारण कपड्याला लावलेल्या साबणापेक्षा कपड्यातून न निघालेला साबण त्वचेला अधिक त्रास देतो, आणि तो निघणे न निघणे मुख्यतः पाण्यावर अवलंबून असते.

त्वचेचे माळवद

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. तो मृत, चपट्या पेशींचा बनलेला असतो आणि त्या पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड भागातील जुन्या माळवदाच्या घरांत छताच्या लाकडी फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर दाबून बसवलेला असतो. फळ्या भार पेलतात, पण पाणी अडवते ती माती, आणि मातीला भेग पडली की फळ्या शाबूत असूनही घर गळते. शृंगस्तरातील पेशी या फळ्यांच्या जागी आहेत आणि स्निग्ध पदार्थ त्या मातीच्या जागी. ते धुऊन गेले की आतील ओलावा बाहेर उडून जातो आणि बाहेरचे पदार्थ आत शिरतात.

तान्ह्या मुलामध्ये हे काम अजून पुरे झालेले नसते. मोजमापांनुसार अर्भकाचा शृंगस्तर प्रौढांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी पातळ असतो. दुसरी बाब आम्लतेची आहे. पदार्थ आम्ल आहे की अल्कधर्मी हे ज्या मापाने सांगतात त्याला सामू म्हणतात. ७ हा मध्यबिंदू, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. निरोगी प्रौढ त्वचेचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी त्याला त्वचेचे ‘आम्ल-आवरण’ असे नाव दिले. जन्मतः मात्र त्वचेचा सामू ७ च्या जवळ असतो आणि पुढील काही आठवड्यांत तो हळूहळू खाली येतो. शृंगस्तरातील पेशींना एकमेकींशी जोडणारे धागे कापणारी काही विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, त्वचेत मुळातच असतात आणि आम्लतेमुळे ती आटोक्यात राहतात. सामू वर गेला की ती सैल सुटतात, पेशी वेळेआधी गळू लागतात आणि थर विरविरीत होतो. धुण्याच्या बहुतेक पावडरींचे द्रावण सामूच्या मापावर १० च्या आसपास किंवा त्याहून वर असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या अल्पशा अंशानेही या वयात काय होत असेल याची कल्पना येते.

काही मुलांचा थर जन्मतःच अधिक कच्चा असतो. त्वचेला ओलावा धरून ठेवणारे घटक ‘फिलॅग्रिन’ नावाच्या प्रथिनापासून तयार होतात. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांच्या गटाने या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि बालपणीचा इसब यांचा संबंध दाखवून दिला. ज्या घरात इसब, दमा किंवा सततची शिंकासर्दी आहे, त्या घरातील मूल धुण्याच्या पदार्थांना लवकर बळी पडते याचे एक कारण येथे आहे. शिवाय मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या सुमारे अडीच पट असते; म्हणून त्वचेतून काही आत शिरलेच, तर शरीराच्या मानाने त्याची मात्राही मोठी ठरते.

दाह वेगळा, अ‍ॅलर्जी वेगळी

बाहेरच्या पदार्थाच्या स्पर्शाने त्वचेला होणारा दाह दोन प्रकारचा असतो, आणि या दोहोंची गल्लत झाली की उपाय हमखास चुकतो. पहिला प्रकार क्षोभजन्य दाह. यात पदार्थ थेट शृंगस्तराची नासाडी करतो, स्निग्धता ओढून घेतो, सामू वर नेतो. मात्रा पुरेशी असेल आणि संपर्क पुरेसा वेळ टिकला तर तो कोणालाही होतो, आणि मात्रा कमी केली की कमी होतो. दुसरा प्रकार अ‍ॅलर्जीचा. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या विशिष्ट रसायनाला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. पहिल्या संपर्कात काहीच दिसत नाही, पण ती ओळख एकदा पटली की पुढच्या प्रत्येक वेळी अगदी थोड्या मात्रेनेही एक-दोन दिवसांनी पुरळ उठतो. येथे मात्रा कमी करून भागत नाही, तो पदार्थ पूर्णपणे टाळावा लागतो.

धुण्यातून होणाऱ्या खऱ्या अ‍ॅलर्जीचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे, ते म्हणजे बिब्बा. परटाकडे अनेक घरांचे कपडे एकत्र येत, त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून बिब्ब्याच्या फळाच्या सालीतील तेलकट रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण केली जाई. चुन्याबरोबर हा रस काळाभोर आणि न निघणारा होतो. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना, जिथे ही खूण अंगाला लागे नेमक्या त्याच जागी, खाजरे आणि फोडांचे चट्टे उठू लागले. लिव्हिंगूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ‘धोब्याच्या खुणेचा त्वचादाह’ या अर्थाच्या नावाने त्याचे वर्णन केले. बिब्ब्यातील दाहक द्रव्ये अमेरिकेतील विषारी आयव्ही या वेलीतील द्रव्यांची जवळची नातेवाईक आहेत; त्यामुळे त्या वेलीशी आधी संपर्क आलेल्या सैनिकांच्या शरीराला त्यांची ओळख आधीच पटलेली असू शकते. धुतलेल्या, वाळलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्यावरचा तो छोटासा ठिपका पुरेसा होत असे. अ‍ॅलर्जी किती थोड्या अंशावर पेटते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. काही घरांत तान्ह्या मुलाच्या अंगावर बिब्ब्याचे ठिपके देण्याची रीत अजूनही आहे. ती ताबडतोब बंद व्हायला हवी, कारण त्यातून भाजल्यासारख्या जखमा होतात आणि आयुष्यभराची अ‍ॅलर्जीही जडू शकते.

आजच्या पावडरींची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील अनेक त्वचारोग केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्वचादाहाच्या ७३८ रुग्णांची धुण्याच्या पावडरींसाठी पट्टीचाचणी घेण्यात आली. संशयित पदार्थ पट्टीखाली पाठीला लावून, दोन दिवसांनी आणि पुन्हा त्यानंतर त्वचेची पाहणी करण्याची ही पद्धत याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली, आणि ती आजही वापरात आहे. त्या ७३८ जणांपैकी १ टक्क्याहूनही कमी लोकांमध्ये प्रतिक्रिया दिसली. हे रुग्ण त्वचेची तक्रार घेऊनच आलेले होते, हे येथे महत्त्वाचे. सर्वसामान्य लोकांत प्रमाण त्याहून कमीच असणार. तेव्हा ‘साबणाची अ‍ॅलर्जी’ असे ज्याला घरोघरी म्हटले जाते, तो बहुतांशी क्षोभजन्य दाह असतो, आणि तो मात्रेवर अवलंबून असल्याने मात्रा ठरवणारी गोष्ट, म्हणजे कपड्यातील उरलेला अंश, हीच विचारात घ्यावी लागते.

पुड्यात काय असते

पावडरीतील मुख्य घटक म्हणजे मळ सोडवणारे द्रव्य. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला चिकटते, म्हणून तेलकट मळ कपड्यावरून सुटून पाण्यात येतो. कपड्यावरचे तेल आणि त्वचेतील स्निग्धता यांत या रेणूला फरक कळत नाही. दुसरा घटक धुण्याचा सोडा. तो पाण्याचा जडपणा कमी करतो आणि मळ सैल करतो, पण त्याच्या द्रावणाचा सामू ११ च्या घरात जातो. स्वस्त पावडरींत आणि वड्यांत सोड्याचे व भर घालणाऱ्या खनिजांचे प्रमाण मोठे असते. भारतात १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये अहमदाबादेतून निरमा बाजारात आल्यापासून साबणाच्या वडीबरोबर पावडरही खेड्यापाड्यांत पोहोचली आणि हातावरचे कष्ट हलके झाले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. वडीची एक अडचण मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती कपड्यावर थेट घासली जात असल्याने गळपट्टी, काखेचे जोड आणि लंगोटाचा मध्यभाग अशा मळक्या जागी तिचा जाड लेप बसतो, आणि मुलाची कातडी नेमकी याच जागी सर्वांत नाजूक असते.

विकरयुक्त पावडरींबद्दलची भीती बरीचशी अस्थानी आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील कारखान्यांत विकरांची कोरडी धूळ श्वासातून जाऊन कामगारांना दम्यासारखा त्रास झाला होता, त्यातून ही भीती पसरली. घरात धुतलेल्या कपड्यांमुळे त्वचेची अ‍ॅलर्जी होते, हे पुढील अभ्यासांत दिसून आले नाही. सुवास आणि द्रवरूप उत्पादनांतील परिरक्षक यांचा संशय अधिक रास्त आहे. मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाला अमेरिकी संपर्क-त्वचादाह संस्थेने २०१३ साठी ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले होते. कपडे मऊ करणारे सुवासिक द्रव धुण्याच्या अखेरीस घालतात आणि ते कपड्यावर राहावेत हाच त्यांचा हेतू असतो, म्हणून मुलाच्या कपड्यांना ते लावू नयेत. बादलीत झाकणभर जंतुनाशक ओतण्याची सवयही तशीच अनावश्यक आहे. कडक ऊन ते काम पुरेसे करते.

येथे ‘रिठा नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ या समजाचाही विचार करायला हवा. रिठ्याचा फेस सोड्याइतका अल्कधर्मी नसतो आणि जड पाण्यातही बऱ्यापैकी टिकतो, हे त्याचे गुण खरे. पण तो डोळ्यांना झोंबतो आणि तोही धुऊन काढावा लागतो. चुलीतील राख तर सोड्याच्याच कुळातील आहे. आणि बिब्बाही झाडावरच लागतो.

जड पाण्याचे काम

पाथर्डीचा तालुका दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून मुरणारे पाणी वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. असे पाणी म्हणजे जड पाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे आहे. पाणी तपासून घेतले नसले तरी दोन खुणा घरातच दिसतात: साबणाला फेस न येणे आणि भांड्याच्या तळाशी पांढरी पुटे चढणे.

साध्या साबणाचे रेणू जड पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा, चिकट साका तयार करतात. बादलीच्या कडेला बसणारी राखाडी कड ती हीच. साका पाण्याबरोबर वाहून जात नाही, धाग्यांत अडकतो. पावडरीतील द्रव्ये कॅल्शियमला साबणाइतकी बळी पडत नाहीत, पण त्यांचाही काही भाग वाया जातो, आणि सोड्यामुळे कॅल्शियमचे बारीक खडूसारखे कण कपड्यावरच साचतात. दोरीवरून काढलेले टॉवेल पापडासारखे कडक लागतात ते यामुळे. फेस आला नाही की हात आपोआप आणखी पावडर घालतो. येथे सगळे उलटे पडते: पाणी जड म्हणून पावडर जास्त, पावडर जास्त म्हणून खंगाळायला पाणी जास्त हवे, आणि पाणी तर मुळातच मोजून मिळालेले.

कोरड्या कपड्यात अडकलेला हा अंश स्वतःहून फारसा अपाय करत नाही. मूल घामेजले, दुधाची लाळ गळपट्टीवर ओघळली, लंगोट ओला झाला की तो पुन्हा विरघळतो आणि ओल्या, घासल्या जाणाऱ्या कातडीवर तासन्‌तास बसून राहतो. मान, काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू आणि इलॅस्टिकची रेघ याच जागा पुन्हा पुन्हा लाल होतात, त्या यामुळे. कपड्याचा जो भाग कोरडा राहतो त्याखालची त्वचा सहसा शाबूत असते. लंगोटाच्या भागात लघवी आणि शी यांच्यामुळे सामू आधीच चढलेला असतो, त्यात साबणाच्या अल्काची भर पडते.

जड पाणी आणि त्वचा यांचा संबंध इंग्लंडमध्ये बराच तपासला गेला आहे. शेफिल्ड आणि लंडन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जड पाण्याने धुतल्यास मळ सोडवणाऱ्या द्रव्याचा अधिक अंश त्वचेवर चिकटून राहतो आणि त्यामुळे दाह वाढतो, विशेषतः फिलॅग्रिनचा दोष असलेल्यांमध्ये, असे आढळले. मात्र २०११ च्या एका मोठ्या चाचणीत इसब असलेल्या ३३६ मुलांच्या निम्म्या घरांत पाणी मृदू करणारी यंत्रे बसवूनही बारा आठवड्यांत इसबात फरक पडला नाही. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी तसे नाहीत. एकदा जडलेला इसब केवळ पाणी बदलून जात नाही. पण निरोगी किंवा किंचित कच्च्या त्वचेवर साबणाचा अंश साचू न देणे हे त्याहून वेगळे आणि साध्य होण्याजोगे काम आहे. त्यासाठी महागड्या यंत्राची गरजही नाही.

बादलीचा हिशेब

समजा, साबणाच्या पाण्यातून काढून पिळल्यावर मुलाच्या कपड्यांच्या ढिगात २ लिटर साबणाचे पाणी उरले आहे, आणि खंगाळण्यासाठी घरात एकूण २० लिटर पाणी आहे. ते सगळे एकाच वेळी एका टपात घेऊन कपडे खंगाळले, तर एकूण २२ लिटर पाण्यात साबण पसरतो, आणि पुन्हा पिळल्यावर कपड्यांत जे २ लिटर उरतात त्यांत मूळ साबणाचा अकरावा हिस्सा राहतो. आता तेच २० लिटर दोन बादल्यांत दहा-दहा करून घेतले, आणि पहिल्या बादलीतून काढून पिळून मग दुसरीत घातले, तर पहिल्या बादलीनंतर सहावा हिस्सा उरतो आणि दुसरीनंतर त्याचा सहावा, म्हणजे छत्तिसावा. त्याच पाण्याचे तीन भाग केले तर साधारण एक्क्याऐंशीवा हिस्सा उरतो. पाणी एक थेंबही वाढले नाही. ते फक्त वाटून वापरले.

याहून मोठा लाभ पिळण्यात आहे. प्रत्येक वेळी कपडे घट्ट पिळून २ ऐवजी १ लिटरच पाणी मागे ठेवले, तर दोन बादल्यांत एकशे एकविसावा हिस्सा उरतो. म्हणजे टंचाईच्या गावात पिळणाऱ्या मनगटाला एका बादलीचे मोल आहे. प्रत्यक्षात थोडे द्रव्य धाग्यांना चिकटूनही राहते, त्यामुळे आकडे इतके चोख येत नाहीत, पण क्रम बदलत नाही. शेवटच्या बादलीतील पाणी जवळजवळ स्वच्छच असते. तेच पुढच्या धुण्याला भिजवणीसाठी वापरावे. पावसाळ्यात पन्हाळीखाली धरलेले पाणी पूर्णपणे मृदू असते, पहिल्या सरीत छपरावरची धूळ वाहून गेल्यावर ते धरून मुलाच्या कपड्यांच्या अखेरच्या खंगाळणीसाठी राखून ठेवणे पाथर्डीच्या परिसरात सहज जमण्याजोगे आहे.

धुलाई यंत्र असलेल्या घरांत खंगाळणीची एक जादा फेरी लावावी आणि यंत्र ठासून भरू नये, एवढे पुरे.

चौकट: घरच्या घरी पडताळा

धुऊन वाळलेला मुलाचा एक कपडा भांडेभर स्वच्छ, शक्यतो मृदू पाण्यात पाच मिनिटे भिजवून हाताने चांगला चुबकावा. पाणी गढूळ झाले, बुळबुळीत लागले किंवा वर फेस धरला, तर कपड्यात साबण उरलेला आहे.

पावडर न बदलता, तिचे प्रमाण निम्म्यावर आणून आणि खंगाळणी दोन-तीन बादल्यांत वाटून, दोन आठवडे मुलाच्या अंगाला लागणारे सर्व कपडे धुवावेत. पुरळ ओसरला तर तो क्षोभजन्य दाह होता असे मानण्यास जागा आहे. काहीच फरक पडला नाही, किंवा एखादा ठरावीक कपडा घातला की एक-दोन दिवसांनी पुरळ हटकून उठत असेल, तर डॉक्टरांना दाखवून अ‍ॅलर्जीचा तपास करावा.

गोधडी, पदर आणि जुनी दुपटी

मुलाची झबली वेगळ्या, महागड्या साबणाने धुतली जातात, पण मूल झोपते गोधडीवर. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे एकावर एक पाच-सात थर, आणि त्यांवर बोटभर अंतराने घातलेले दोरे. घटस्थापनेआधी घरातील सगळी पांघरुणे ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन सोड्यात भिजवून बडवली जातात. वरचा थर स्वच्छ होतो, परंतु मधल्या थरांतील सोडा बाहेर पडायला वाट नसते. ओली गोधडी दोघींनी दोन टोकांना धरूनही पुरती पिळली जात नाही, आणि वाळल्यावर टाक्यांच्या ओळीने पांढरट रेघा उमटतात. त्या रेघा म्हणजे उरलेला सोडा आणि क्षार. मुलाच्या अंगाखाली गोधडीवर एक चांगले खंगाळलेले सुती दुपटे अंथरले की हा प्रश्न सुटतो. आईच्या साडीचा पदर आणि आजीच्या खांद्यावरचे लुगडे यांचाही विचार हवा, कारण मूल तिथेच गाल टेकून झोपते. एकाच गालावर पुन्हा पुन्हा उठणारा लाल चट्टा अनेकदा या जागेशी जुळतो.

नवजात मुलाला नवे कपडे न घालता जुन्या लुगड्याची दुपटी आणि लंगोट वापरण्याची रीत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. त्यामागे शकुनाची कल्पना असेल किंवा काटकसर, त्वचेच्या दृष्टीने ती अत्यंत शहाणी आहे. नव्या कापडात खळ असते, सुटा रंग असतो, आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेल्या लेपांतून फॉर्माल्डिहाइड हे अ‍ॅलर्जीकारक रसायन सुटू शकते. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यात यातले काहीच शिल्लक नसते. नवी झबली आणली तर ती दोनदा धुऊनच घालावीत.

जुन्या कपड्यांबाबत एक धोका मात्र गंभीर आहे. पेटीत ठेवलेल्या दुपट्यांत डांबरगोळ्या घातलेल्या असतात. त्यांतील नॅप्थलीन श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते, आणि ज्या मुलांमध्ये ‘जी-सिक्स-पीडी’ या रक्तपेशींचे रक्षण करणाऱ्या विकराची जन्मजात उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही उणीव भारतातील काही समाजांत लक्षणीय प्रमाणात आढळते आणि बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून मुलाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीच घालू नये. त्वचेवाटे विष किती आत जाऊ शकते याचा धडा १९६७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे मिळाला: प्रसूतिगृहातील लंगोट व चादरींना बुरशी लागू नये म्हणून धुण्याच्या पाण्यात पेंटाक्लोरोफेनॉलयुक्त द्रव्य घातले गेले, त्याचा अंश कपड्यांत राहिला, आणि नवजात मुलांना दरदरून घाम व ताप येऊन त्यांतील दोन दगावली.

प्रत्येक पुरळ साबणाचा नसतो

साबणावर खापर फोडून मूळ रोग तसाच राहणे, ही चूकही तितकीच महागात पडते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत अंगभर उठणारे, मध्ये पिवळट टोक असलेले लाल ठिपके सुमारे निम्म्या नवजात मुलांत दिसतात आणि आपोआप जातात. घामोळ्या थंड जागेत कमी होतात. तान्ह्या मुलातील इसब बहुधा गालांवर सुरू होतो आणि लंगोटाचा भाग सोडतो; लंगोटाखालील बुरशी मात्र वळ्यांच्या आतपर्यंत जाते आणि मुख्य चट्ट्याभोवती सुटे लाल ठिपके दिसतात. रात्री वाढणारी खाज, मुलाच्या तळहाता-तळपायांवरही फोड आणि घरात आणखी कोणी खाजवणारे, असे एकत्र दिसले की ती खरूज समजावी. तिला सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावे लागते.

औषधाच्या दुकानातून आणलेली ‘सगळ्यावर चालणारी’ मिश्र मलमे लहान मुलांना लावणे घातक आहे. त्यांत तीव्र स्टेरॉइड असते. ते लाली झाकते, पण कातडी पातळ करते आणि बुरशीला मोकळे रान देते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंधन घातले ते याचसाठी. साध्या दाहावर कपड्यातला साबण कमी करणे, लंगोट वेळेवर बदलणे आणि त्वचेवर साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावणे पुरते. पू, ताप, पसरणारी सूज किंवा पाणावलेले फोड दिसले तर थेट दवाखाना गाठावा. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, आणि खरूज, बुरशी व इसब हे तिन्ही तिच्या यादीत आहेत. पालकांनी पथकाला मुलाचे अंग उघडून दाखवावे, एवढीच गरज असते.

कोपीवरचे धुणे

पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्यांच्या परिसरात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहतात. त्यांची तान्ही मुले हा हंगाम फडाच्या कडेला काढतात. पहाटे कोयता घेऊन निघालेली आई परतते तेव्हा अंधार पडलेला असतो. धुणे उरकते ते कालव्याच्या किंवा शेतातल्या पाटाच्या पाण्यात, एका वडीवर, घाईत. उसाचे कुसळ, राख आणि माती कपड्यात असतेच, त्यात न निघालेल्या साबणाची भर पडते, आणि कोपीत वाळत घातलेले लंगोट पुरते सुकत नाहीत. उचल, मजुरी आणि वाहतूक यांचे हिशेब मुकादमाच्या वहीत असतात. धुण्याच्या पाण्याची सोय त्या वहीत नाही आणि ती कारखान्याच्या तळावर पुरवणे हे कारखान्याचेच काम आहे, कारण आईने कितीही काळजी घेतली तरी पाण्यावाचून साबण कपड्यातून निघत नाही. ती सोय होईपर्यंत हाताशी जी एक बादली असेल, तिच्यात मुलाचे लंगोट आणि झबली सर्वांत आधी खंगाळावीत, घट्ट पिळून कोपीबाहेर उन्हात टाकावीत, आणि मोठ्यांचे कपडे त्याच पाण्यात नंतर काढावेत.